काचेखालची जाळी

आमची पिकअप जुनी आहे, हे मी कधी नाकारलं नाही. पण जुनी असणं वेगळं आणि वेडी होणं वेगळं. त्या वर्षी दिवाळी झाली आणि गाडीने ताळतंत्र सोडलं. उजवा सिग्नल दिला की वायपर फिरायचे. आभाळात ढगाचा ठिपका नाही, समोर कडक ऊन, आणि माझे वायपर कोरड्या काचेवर करकरत चाललेले. कधी ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. समोरून येणारा माणूस दचकून कडेच्या दगडी गडग्यावर चढायचा आणि तिथे उभा राहून मला शिव्या घालायचा. आणि कधी कधी, मी काहीही केलेलं नसताना, चालत्या गाडीचं इंजिन गप्प व्हायचं. बाकीची दुखणी लाज आणणारी होती. हे जिवावरचं होतं.

मी कुणकेश्वरच्या पुढे, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर राहते. नवरा जहाजावर. वर्षातले आठ-नऊ महिने तो पाण्यावर आणि मी रस्त्यावर. पिकअप त्यानेच घेतली, तीही जुनी, सुट्टीत चालवायची म्हणून. उरलेले महिने ती परसातल्या छपरीत, म्हणजे मांगरात, ताडपत्रीखाली झोपून असायची. मला ते बघवेना. मी चालवायला शिकले, लायसन काढलं, आणि आजूबाजूच्या बागांतल्या आंब्याच्या पेट्या हायवेवरच्या मोठ्या गाडीपर्यंत पोचवायला लागले. आंबा नसेल तेव्हा चिरे, कौलं, लग्नाची भांडी, दशावताराचे पेटारे. गावातले लोक आधी हसले, मग नुसते बघत राहिले, मग 'उद्या मोकळी आसास काय' म्हणून विचारायला लागले.

त्यामुळे गाडीला वेड लागलं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याच जणांना ते अपेक्षितच होतं. 'बाईमाणसाच्या हातात गाडी' हे वाक्य कुणी पूर्ण करत नसे. अर्धंच टाकून माझ्याकडे बघत. मला अर्धी वाक्यं आवडत नाहीत. भांडायचं तर पूर्ण वाक्यात भांडावं.

नवऱ्याला कुणी कळवलं देव जाणे. रेंज आली की आधी माझी चौकशी करणारा माणूस, त्या दिवशी त्याने थेट गाडीचाच विषय काढला.

"ती इकून टाक गो," तो म्हणाला. "तू चढावार बंद पडलंस तर माका हयसून काय करूक येणा नाय."

"बघून घेतंय मी," मी म्हटलं.

"आंब्याच्या आदी आणखी एकदा जरी बंद पडली मां, तर भंगारवाल्याक बोलवूया. मगे नवी घेवया."

तो काळजीनेच बोलत होता. ते कळत होतं म्हणून राग जास्त आला. नवी गाडी कुणाच्या हातात जाते ते मला माहीत आहे. ती त्याच्या सुट्टीत चालली असती आणि उरलेलं वर्ष ताडपत्रीखाली पुसून-पासून ठेवली गेली असती, 'नवी आसा, जपून' म्हणत. ही जुनी होती, कुणाला नको होती, म्हणून तर ती माझ्या वाट्याला आली. ती गेली असती तर मी पुन्हा घरात बसले असते. आंब्याला जेमतेम दोन महिने होते.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासू. माझ्या गाडी चालवण्याला पहिल्या दिवसापासून जिचा पाठिंबा होता ती ही एकटीच. पाठिंबा म्हणजे तोंडाने कौतुक नव्हे, ते तिच्या स्वभावात नाही. तिचा पाठिंबा म्हणजे दर सोमवारचं गाऱ्हाणं.

आमच्याकडे कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्याने देवाला सगळं सांगायचं, काय काय हवं ते मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय मागणं पुरं होत नाही. हे काम घरातल्या पुरुषाचं. एका चुलत दिराने तसं सुचवूनही बघितलं. सासू त्याला म्हणाली, "घरातलो पुरुष बोटीर आसा. देवाक तवसर थांबूक सांगू?" 

सोमवारी सकाळी आठवड्याचं पहिलं भाडं निघण्याआधी गाडी अंगणात तुळशीकडे तोंड करून उभी करायची. सासू पायरीच्या दगडावर नारळ फोडणार, पाणी गडूत धरणार, आणि सुरू होणार. मी बोनेटसमोर हात जोडून, डोळे मिटून. डोळे मिटलेलेच हवेत, ही तिची सक्त ताकीद.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातली सून आज तुझ्या नावान गाडी भायर काडता…"

"व्हय म्हाराजा!"

"वाटेर आडवां-तिडवां काय असात, तां तूच बाजूक कर…"

"व्हय म्हाराजा!"

बाकीचे म्हणजे मी एकटीच असल्यामुळे माझा आवाज दहा जणांचा निघावा अशी तिची अपेक्षा असे. जरा पडेल आवाज निघाला तर ती मागणं थांबवून विचारायची, "जेवलंस नाय काय गो?" सगळं आटपलं की गाडीभोवती तिच्या पावलांचा आवाज यायचा, मग 'उघड डोळे', आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर. दिवसभरात एवढीच दोन मिनिटं मी डोळे मिटून उभी असायची. खरं सांगायचं तर मला ती आवडायची.

गाडी घेऊन मी तिठ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याला सगळे वायरमनच म्हणतात. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस. फ्यूजबॉक्स स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, दाराजवळ, गुडघ्याच्या वर. त्याने झाकण काढलं, आत बघितलं आणि एक लांब सुस्कारा सोडला. दोन फ्यूजांच्या जागी चक्क तांब्याची तार गुंडाळून खोचलेली होती.

"वैनी, ह्यां कोणाचां काम?"

मी समुद्राकडे बोट दाखवलं. तो पहिल्यांदा हसला.

त्या दिवशी त्याने मला जे शिकवलं ते मी अजून विसरलेले नाही. लाल फ्यूज दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. जिथे लाल आहे तिथे लालच. "फ्यूज सगळ्यांच्या आदी मराचो म्हणान घातलेलो असता," तो म्हणाला. "तुमी मोठो घातलात काय तो मरणा नाय. मगे वायर मरता, आणि वायरीपाठोपाठ गाडी." मग त्याने आपला जुना टेस्ट लॅम्प मला दिला. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई, मध्ये इवलासा बल्ब. चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडाला लावायचा आणि फ्यूजच्या डोक्यावर जी दोन बारीक भोकं असतात त्यात आळीपाळीने सुई टेकवायची. दोन्हीकडे बल्ब पेटला तर फ्यूज जिवंत. एकीकडेच पेटला तर गेला. कुठेच पेटला नाही तर दुखणं फ्यूजच्या मागे आहे. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. पुरुष इतकी वर्षं बोनेटमध्ये डोकं घालून एवढे गंभीर चेहरे का करत होते, हा प्रश्न मला पडला.

इंजिन का बंद पडतं तेही त्याने दाखवलं. डिझेल सोडणाऱ्या झडपेला एका फ्यूजमधून करंट जातो. तो क्षणभर जरी तुटला तरी झडप बंद, डिझेल बंद, गाडी बंद. "खारी हवा," तो म्हणाला, "सगळ्या पत्र्यांका हिरवां चढलां आसा." त्याने फवारा मारून, घासून सगळं साफ केलं. मग वाकून परत बघितलं आणि विचारलं, "वैनी, गाडयेत बसान बिस्किटां खातात काय?"

"कित्याक?"

"मुंगयो आसत हय."

खरोखरच होत्या. बारीक, तांबड्या, फ्यूजबॉक्सच्या कडेने शिस्तीत चाललेल्या. मी गाडीत काहीही खात नाही आणि ते त्याला जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्याने मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. हे लोक गप्प राहून अविश्वास दाखवतात, त्याला उत्तर कसं द्यायचं!

चार दिवस गाडी शहाण्यासारखी चालली. मग सोमवार आला आणि वायपर फिरले.

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली. ज्या दिवशी गाडी बिघडली त्या दिवशी एक फुली. तीन आठवड्यांनी कॅलेंडरकडे बघितलं तर सगळ्या फुल्या सोमवार आणि मंगळवारच्या रांगेत. बुधवारी एखादी. गुरुवारपासून रविवारपर्यंत पान कोरं.  सोमवार म्हणजे शंकराचा, आमच्या कुणकेश्वराचा वार. मी देवभोळी नाही, पण लोखंडाच्या गाडीला वार कळायला लागले तर माणूस काय समजणार?

फुल्या सासूलाही दिसल्या. तिने चष्मा लावून बोटाने रांग मोजली आणि तिचा निर्णय झाला.

"देवाक काय तरी कमी पडता," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारपासून एकाचे दोन नारळ झाले. गाडी जास्तच बिघडली. मग सासू मंगळवारीही गाऱ्हाणं घालायला लागली. बुधवारीही फुली पडायला लागली. तेव्हा तरी मला समजायला हवं होतं. पण माणूस चोर शोधताना आधी उंबऱ्याबाहेर बघतो. मी वायरी बघत होते, बॅटरी बघत होते, खाऱ्या हवेला दोष देत होते.

जानेवारी संपता संपता व्हायचं ते झालं. मंगळवार होता. मागे चिरे भरलेले, हायवेकडे जाणारा चढ, पाठीमागे बस. अर्ध्या चढावर इंजिन गप्प झालं. मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले, हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. तरी ती मागे वीतभर सरकली. आरशात बसचं तोंड दिसत होतं, एवढं मोठं की त्यात दुसरं काही दिसेना. हॉर्नची खात्री नव्हती म्हणून मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडले. बसचा ड्रायव्हर समजूतदार निघाला. त्याने खाली उडी मारली, माझ्याच हौद्यातला एक चिरा ओढून काढला आणि चाकाखाली सारला.

मग मी खाली उतरले, दार उघडलं, रस्त्यावर गुडघे टेकले आणि फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं.  बसमधली माणसं खिडक्यांतून बघत होती. टेस्ट लॅम्प लावला. दोन्हीकडे पेटला, पण मंद, मरगळलेला. म्हणजे फ्यूज जिवंत, पण त्याची पाती जिथे टेकतात तिथे काहीतरी आड येत होतं. फ्यूज उपसला. पात्यांवर हिरवट-पांढरी साय धरली होती. ती ओढणीने पुसली, फ्यूज परत दाबून बसवला, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. बसमधून कुणीतरी टाळी वाजवली. ती कौतुकाची होती की कंटाळ्याची, ते कळलं नाही.

पण बोटं चिकट झाली होती. खाऱ्या हवेने लोखंड गंजतं, तांबं हिरवं होतं, सगळं मान्य. पण खारी हवा चिकट नसते. चिरे उतरवून रिकामी परत येताना मी बोटं नाकाशी नेली. आंबूस वास आला. ओळखीचा, रोजचा, आणि गाडीत कधीच न येणारा. घरी येऊन मी झाकण पुन्हा काढलं आणि टॉर्चच्या उजेडात नीट बघितलं. मुंग्या होत्याच. आणि दोन फ्यूजांच्या फटीत एक तपकिरी धागा अडकला होता. चिमट्याने ओढून काढला. नारळाच्या शेंडीचा होता.

 मला उत्तर दिसत होतं आणि ते मला नको होतं.

पुढच्या सोमवारी गाऱ्हाणं सुरू झालं आणि मी डोळे किलकिले केले.

सासूने बोनेटला कुंकू लावलं, फूल ठेवलं. बोलता बोलता ती गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेली. तिथे जमिनीवर एक चिरा ठेवलेला होता. तो तिथे का असतो असं मला आजवर कधी वाटलंच नव्हतं. ती त्या चिऱ्यावर चढली, एक हात गाडीवर टेकवला, टाचा उंच केल्या, आणि काचेखाली जी जाळी असते त्या जाळीत गडूतलं पाणी बारीक धारेने ओतायला लागली. अगदी माझ्या स्टिअरिंगच्या समोर. बोनेटवरून ओघळ खाली गेला असता तर देवाचं पाणी मातीत पडून आमच्या पायांखाली आलं असतं. म्हणून ती ते आत सोडत होती, एकही थेंब न सांडता. कडेला चार थेंब उडाले ते तिने पदराने टिपले आणि तो पदर डोळ्यांना लावला. पंचाहत्तरीची बाई, गुडघ्यांना सूज, आणि चिऱ्यावर टाचा उंच करून उभी.

मला गलबलून आलं. त्या जाळीच्या बरोबर खाली फ्यूजबॉक्स होता.

"आवाज खंय गेलो?" तिने मान न वळवता विचारलं.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

त्या दिवशी मी भाडं उशिरा निघेल म्हणून कळवलं. सासू पूजेची फुलं घेऊन देवळात गेली आणि मी कामाला लागले. आधी बॅटरीची उणे बाजू सोडवली. मग जाळी काढली. खाली सुरूच्या पानांचा गच्च थर बसला होता. गाडी किनाऱ्याच्या बाजूला उभी राहते, तिथली ती सुईसारखी पानं पडून पडून पाणी बाहेर जायची वाट बुजली होती. वायरी जिथून आत जातात तिथलं रबर कुजून भोक पडलं होतं. म्हणजे वरून ओतलेलं पाणी दुसरीकडे जाणार तरी कुठे? सरळ फ्यूजांच्या डोक्यावर. पावसाळ्यात गाडी मांगरात असते आणि आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, काचेवर डाग पडतात म्हणून मी गाडी ओल्या फडक्यानेच पुसते. या घरात त्या जाळीत पाणी घालणारी एकच व्यक्ती होती, आणि ती माझ्या जिवासाठी घालत होती.

मी पानं उपसून वाट मोकळी केली, सगळे फ्यूज काढून दातांच्या जुन्या ब्रशने खाचा घासल्या, पाती पॉलिश पेपरने उजळली, रबर बदललं. जाळीच्या खालून, ड्रायव्हरच्या बाजूला, टायरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चिकटवला. वरून दिसणार नाही, पण ओतलेलं पाणी फ्यूजांकडे न जाता बाहेर वाहील असा. झाकण मात्र चिकट होतं, ते मी सुपात ठेवून सासूच्या ओसरीवर उन्हाला ठेवलं आणि घाईत तिथेच विसरले.

संध्याकाळी तिने विचारलं, "गावलां काय?"

मी आयुष्यात बऱ्याच जणांना फाडकन तोंडावर उत्तरं दिली आहेत. तिला सांगायला मात्र जीभ उचलेना. काय सांगणार? तुमच्या गाऱ्हाण्याने मी चढावर मागे सरकले, असं?

"उंदीर, आये," मी म्हटलं. "वायरी खाल्ल्यान."

"मेल्याक दुसरां खावक नाय गावलां?" ती म्हणाली, आणि लगेच माळ्यावरून सापळा काढायला लावला. त्यात खोबऱ्याचा तुकडा अडकवून तो गाडीखाली ठेवला. रोज सकाळी उठून आधी सापळा बघायची, मग तोंड धुवायची. शेजारणीलाही सांगितलं, सुनेच्या गाडीत उंदीर शिरला आहे म्हणून. माझं खोटं चार दिवसांत आळीभर झालं. खोबऱ्याला मात्र कुणी तोंड लावलं नाही.

शुक्रवारी सकाळी बघते तर गाडीखाली सापळा नाही. आणि फ्यूजबॉक्सचं झाकण माझ्या टेबलावर ठेवलेलं. स्वच्छ. काथ्याने घासून, धुऊन, पुसून. त्यावरची पुसट झालेली नक्षी आणि आकडेसुद्धा वाचता येत होते.

"आये, उंदीर गावलो?" मी विचारलं.

ती चुलीपाशी पाठमोरी बसली होती. "गावलो," ती म्हणाली.

आणि चुलीत लाकूड सारलं.  साठ वर्षं जिने नारळ फोडले, किसले, वाटले, त्या बाईने चार दिवस ओसरीवर पडलेलं ते झाकण उचललं असणार आणि नाकाशी नेलं असणार. मला वास ओळखायला तीन महिने लागले होते. शनिवार-रविवार घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता. ती जेवायला बसली की दोन घासांत उठायची. मला माझ्या खोट्याची लाज वाटत होती आणि खरं सांगितलं असतं तर याहून वाईट झालं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

सोमवार आला. ती गाऱ्हाणं घालणार नाही असं मला वाटलं होतं. पण तिने वेळेवर नारळ फोडला. एकच. पाणी गडूत धरलं. मी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा…" तिचा आवाज रोजच्यासारखाच खणखणीत होता. "ह्या म्हातारेन गाडयेक पाणी घातल्यान, पण तां पाणी खंय जाता तां बघूक नाय…"

मी 'व्हय' म्हटलं नाही.

"सुनेच्या जिवार बेतलां, तरी म्हातारी घालीतच ऱ्हवली. सुनेन सांगूक नाय, तिका वायट दिसात म्हणान…"

याही वाक्याला नाही. 

"तेवा म्हाराजा, ही चूक माझी. जो काय राग आसा तो माज्यार काड. सुनेर नको, गाडयेर नको."

आणि ती थांबली. आता मी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं होतं. ते म्हटल्याशिवाय मागणं देवापर्यंत जात नाही, हे तिलाही माहीत आणि मलाही. ती थांबून राहिली. अंगणात कावळा ओरडला. तिने शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, मी ऐकलं नसेन म्हणून.

"नाय म्हाराजा!" मी म्हटलं.

दहा जणांचा आवाज निघाला. शेजारच्या कुंपणावरून शेजारीण डोकावली. मी डोळे उघडले. सासूनेही उघडले होते. 

"गो, गाऱ्हाण्यात नाय म्हणनत नाय!"

"मगे फिरवून सांगा तुमी. असां मागलात तर मी व्हय म्हणाची नाय."

तिने गडूकडे बघितलं, तुळशीकडे बघितलं. ओठ हलले, शब्द जुळवत असावी. मग तिने पुन्हा डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा… म्हातारी चुकली, ती पोटात घाल. आणि सुनेक सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" हे मी इतक्या जोरात म्हटलं की कावळा उडाला.

मी गाडीत बसले. गडू तिच्या हातात तसाच होता. ती सवयीने ड्रायव्हरच्या बाजूला आली, चिऱ्यापाशी थांबली, आणि पायाने तो चिरा बाजूला सारला. मग खिडकीशी आली.

"हात फुडे कर."

मी ओंजळ बाहेर काढली. तिने त्यात बारीक धार धरली, एकही थेंब न सांडता.

"तू पी," ती म्हणाली. "गाडी पिवची नाय."

पाणी गोड होतं. उरलेला ओला हात मी केसांवरून फिरवला. चावी फिरवली, पहिल्याच झटक्यात गाडी लागली. अंगणातून बाहेर पडताना उजवा सिग्नल दिला. सिग्नलच लागला. वायपर जागचे हलले नाहीत.

आंब्याचा मोसम आला आणि गेला. गाडी एकदाही बंद पडली नाही. मेअखेर नवरा सुट्टीवर आला. चढावर बंद पडल्याचं मी त्याला सगळं निस्तरल्यावरच सांगितलं होतं. भंगारवाल्याचा विषय मी काढला नाही आणि त्यानेही काढला नाही. पहिल्याच सोमवारी तो आंघोळ करून, नवा शर्ट घालून, चावी घेऊन अंगणात आला आणि ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला. सासूने गाऱ्हाणं घातलं. आता 'व्हय म्हाराजा' म्हणायला आम्ही दोघं होतो. गाऱ्हाणं संपल्यावर ती गडू घेऊन निघाली तेव्हा, मी फोनवर सांगितलेलं आठवून, त्याने ओंजळ पुढे केली.

ती त्याच्यासमोर थांबली. त्याच्या ओंजळीकडे बघितलं. मग त्याच्या बोटातून चावी काढून घेतली, वळून माझ्याकडे आली, चावी माझ्या कमरेला खोचली आणि म्हणाली, "हात फुडे कर गो."

 तो ओंजळ सोडून, पलीकडून वळसा घालून, डाव्या दाराने आत जाऊन बसला.